मोजणीतून गळलेले सहा रुग्ण

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचं अवघड नाव मार्च २०२० मध्ये आपल्याकडे घरोघरी पोहोचलं. २० मार्चला फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या दिदिए राऊल यांच्या गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. औषधाच्या गटातल्या सत्तर टक्के रुग्णांमध्ये सहाव्या दिवशी करोनाचा विषाणू सापडला नाही, दुसऱ्या गटात हेच प्रमाण साडेबारा टक्के होतं. बातम्यांनी यश तेवढं उचललं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी या औषधाची वाखाणणी केली. त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही करोना रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ही गोळी सुचवली.

सत्तर टक्के म्हणजे वीसपैकी चौदा आणि साडेबारा टक्के म्हणजे सोळापैकी दोन. शिवाय हे सोळाजण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. त्यांत काही दुसऱ्या ठिकाणचे होते, काही औषधाला नकार दिलेले. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. औषधाच्या गटात सुरुवातीला सव्वीसजण होते. गाळलेल्या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला, एकाने मळमळीमुळे गोळ्या थांबवल्या आणि एकजण रुग्णालयातून निघून गेला. मोजणीबाहेर राहिलेल्यांत बहुतेक प्रकृती बिघडलेलेच होते.

यातलं काहीही लपवलेलं नव्हतं. ते सहाजण निबंधातच नोंदलेले आहेत. निबंध उघडून वाचणाऱ्या कोणाही पत्रकाराला ते दिसले असते. म्हणून या प्रकरणाचा दोष एकट्या संशोधकांवर टाकणं मला पटत नाही. टक्केवारी छापणाऱ्याने ती कितीजणांची आहे हे सांगायलाच हवं.

‘लहान अभ्यासावर विश्वास ठेवू नका’ हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. तो पुरेसा नाही. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये सुमारे ९६ हजार रुग्णांचा अभ्यास आला आणि हेच औषध घातक असल्याचं त्यात म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. मूळ नोंदी मात्र तपासायला कोणाला मिळेनात, आणि ४ जूनला तो निबंध मागे घेतला गेला. आकडा प्रचंड असला, तरी ती माणसं कोणत्या रुग्णालयांतली आहेत हे कोणीतरी पडताळलेलं असावं लागतं.

उत्तर मिळालं ते ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून. कोणाला औषध द्यायचं हे तिथे यदृच्छेने ठरवलं होतं. ५ जूनला जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार २८ दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी २५.७ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी २३.५ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे उपयोग दिसलाच नाही. तोवर ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांना त्यांची रोजची हीच गोळी मिळवण्यासाठी दुकानं पालथी घालावी लागली होती. घाईत छापलेल्या टक्केवारीची ही किंमत त्यांनी मोजली.

मार्सेयचा निबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. पहिली बातमी आठवणाऱ्या किती वाचकांपर्यंत हे पोहोचलं असेल? संशोधनाच्या बातमीत टक्के दिसले, की कितीपैकी किती, सुरुवातीला किती होते आणि मधले कुठे गेले, हे शोधा. बातमीत ते नसेल, तर संपादकांना पत्र लिहून विचारा. वाचकाचा तो हक्क आहे.