पान ८७

भांडुपच्या एलबीएस रोडवरच्या बंद कारखान्यांवर तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्प लिहून आणला. संदर्भसूची बघूनच मी खूश झाले. आडनाव आधी, साल कंसात, स्वल्पविराम जागच्या जागी. त्यातल्या एका मराठी पुस्तकाने तर मला भुरळच घातली: भांडुपच्या कामगारांवरचं, पान ८७. एका रविवारी मी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठलं. १८९८ सालची संस्था. तिथे नाही तर कुठे मिळणार? मिळालं नाही. ते पुस्तक कुणी लिहिलंच नव्हतं. चॅटजीपीटीने रचलं होतं आणि झोटेरो या संदर्भसूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याला इस्त्री करून दिली होती.

राग आला, पण टिकला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी रद्द केली. तिच्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. साहेबलोकांची ही तऱ्हा, तर विशीतल्या पोरीला काय बोलायचं?

शिवाय तिची अडचण खरी होती. इंग्रजी शोधनिबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, टाकला की झोटेरोतले रकाने आपोआप भरतात. युनियनचं पत्रक, कारखान्याची स्मरणिका, जुनं मराठी पुस्तक यांना डीओआय कुठला? सगळं हाताने भरायचं, आणि त्याआधी ते शोधायला पायपीट करायची. नेटवर 'भांडुप' टाकलं की फ्लॅटचे भाव येतात. अशा रिकाम्या जागी चॅटजीपीटी गप्प बसेलच असं नाही. शोभेल तो शब्द पुढे ठेवत जातं. म्हणून तिच्या प्रकल्पात भांडुपचे कारखाने १९८२च्या संपाने बंद पडले होते. तो संप कापडगिरण्यांचा, परळ-लालबागचा. इथे टायर, रंग आणि यंत्रांचे सुटे भाग बनत. (हे तिला तिच्या घरातही कुणी सांगितलं असतं. पण घरच्यांना विचारणं म्हणजे संशोधन, असं आम्ही तरी कधी शिकवलं?)

"भांडुपच्या टेंभीपाड्यात कुणी जुने कामगार आहेत का, बघ," एवढंच मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी आली ती शेजारच्या काकांशी केलेलं दोन तासांचं बोलणं घेऊन. पाळ्या, भोंगा, कँटीनचा चहा, टाळं लागल्यावर गेटबाहेर काढलेले महिने. झोटेरोत मुलाखतीसाठी वेगळा प्रकार असतो, हेही मला तिनेच दाखवलं.

"पण मॅडम, काका म्हणाले, नाव नको टाकूस गं, थकबाकीची केस अजून चालू आहे."

म्हणजे आता सूचीत येणार: निवृत्त कामगार, भांडुप. बस. त्या खोट्या पुस्तकाला लेखक होता, प्रकाशक होता, पान ८७ होतं. परीक्षक विचारणारच, हा माणूस कोण म्हणून. काय सांगायचं ते आम्हा दोघींचं अजून ठरायचंय.