नातवंडांचे पंधरा तास

मे २०२५ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्झ म्हणाले की, चार दिवसांचा आठवडा धरून बसलो तर देशाची समृद्धी टिकणार नाही. युरोपात असा विषय निघाला की अर्थतज्ज्ञ केन्सला साक्षीला बोलावतात, तेही अंदाज चुकलेला माणूस म्हणून. शंभर वर्षांत नातवंडांना आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असं तो १९३० साली म्हणाला होता. पण माणसाची हाव आडवी आली, असं सांगून विषय मिटवला जातो. हा निकाल कामगारांवर अन्याय करणारा आहे.

संपत्तीची वाढ कुठेतरी थांबावी आणि माणसाने जगण्याकडे वळावं, हे विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्येच मांडलं होतं. केन्सने त्याला मुदत घातली. राहणीमान चार ते आठ पट वाढेल हा त्याचा अंदाज ब्रिटन-अमेरिकेत खराही ठरला. मग तास त्या प्रमाणात का घटले नाहीत?

उत्तर १९३३ ते १९४६ या काळात आहे. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकी सिनेटने तीस तासांच्या आठवड्याचं विधेयक ५३ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केलं. उद्योगपती विरोधात गेले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाठ फिरवली आणि विधेयक बारगळलं. १९३८ च्या कायद्याने पुढे चाळीस तासांचा आठवडा रूढ केला. १९४६ च्या कायद्यात तर जास्तीत जास्त रोजगार, उत्पादन आणि क्रयशक्ती हेच सरकारचं धोरण ठरलं. फुरसतीला त्यात जागाच नव्हती.

मिशिगनमधल्या बॅटल क्रीकची हकिकत म्हणूनच मला मोलाची वाटते. मंदीत जास्त घरांत चूल पेटावी म्हणून केलॉगच्या कारखान्याने डिसेंबर १९३० पासून आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या आणि तासाचा दर वाढवला. युद्धकाळात पुन्हा आठ तास आले. युद्ध संपल्यावर मतदान झालं, तेव्हा बहुसंख्य कामगारांनी सहा तासच मागितले. कमी पगाराचं गणित त्यांना कळत होतं. त्यांना संध्याकाळ हवी होती. पण विमा आणि निवृत्तिवेतनाचा खर्च माणशी पडू लागला, तसं थोड्या माणसांकडून जास्त तास काम घेणं मालकांना परवडू लागलं. आठ तासांसाठी आग्रह वाढला आणि एकेक विभाग तिकडे वळला. काही विभागांनी, विशेषतः बायकांनी, सहा तास १९८५ पर्यंत सोडले नाहीत. हावेच्या सिद्धान्तात या बायका कुठे बसतात?

मेर्झ यांची काळजी निराधार नाही. जर्मनीत आजच्या वृद्धांचं निवृत्तिवेतन मुख्यतः आजच्या पगारातून कापलेल्या हप्त्यांवर चालतं. वृद्ध वाढताहेत, हप्ते भरणारे त्या प्रमाणात वाढत नाहीत. पण ही अडचण पैसा कुठून गोळा करायचा याची आहे. म्हातारपणाचा आधार फक्त पगारालाच का बांधलेला असावा? उत्पादकता वाढली की होणाऱ्या नफ्याचा वाटा त्यात का नसावा? कामाचे तास वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यायला हवं.