व्यायामाचा अधिकार

आहार आणि शारीरिक हालचाल यांचे संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय विद्वत्संस्थेने आपल्या पोटात जे विशेष अभ्यासगट स्थापिले आहेत, त्यांत कोणी बालकांचा विचार करतो, कोणी वार्धक्याचा, कोणी कर्करोगाचा, तर कोणी सामाजिक-आर्थिक विषमतेचा. आणि देहाची ही विषयवार वाटणी पाहिली की सहज शंका येते, ज्याचा तो देह त्या मनुष्याची नोंद अखेर कोणाच्या दप्तरी राहते?

तैत्तिरीय उपनिषदातील भृगूने ब्रह्म शोधताना पहिले उत्तर आणले ते अन्नाचे. पुढे प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या तो चढला, तरी पहिली पायरी कोणी मोडून टाकली नाही. उलट अन्नाची निंदा न करण्याचे व्रतच त्यानंतर सांगितले आहे. आयुर्वेदाचार्य वाग्भट अधिक व्यवहारी. व्यायाम अर्ध्याच शक्तीने करावा, आणि तोही बलवान व स्निग्ध अन्न खाणाऱ्याने, असे अधिकाराचे बंधन अष्टांगहृदयात त्याने घातले; म्हणजे जोर काढण्यापूर्वी ताटात तूप पडते की नाही, ही चौकशी आधीची.

कोल्हापूरच्या तालमींना ही चौकशी ग्रंथावाचूनच ठाऊक होती. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी यांची आपसांतील ईर्षा कितीही प्रखर असो, ताक, तेल आणि हळद मुरलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात उतरणारा पोरगा सर्वांगाने वस्तादाच्या नजरेखाली असे. त्याने बैठका किती मारल्या आणि थंडाईत बदाम किती पडले, हे हिशेब दोघांकडे वाटलेले नसत. खासबागेचे मैदान १९१२ साली उभे करणाऱ्या शाहू छत्रपतींनी मल्लांच्या खुराकाची तजवीज दरबारातून केली, त्यात राजाचा शौक होता हे खरे. परंतु मीमांसाकार जैमिनीने निर्धनालाही यज्ञाचा अधिकार मान्य केला तो धन मिळवता येते म्हणून, आणि येथे राजाने ते मिळवून दिले. (हा न्याय तालमीने फार काळ पुरुषांपुरताच ठेवला, हेही सांगून टाकावे.)

आता हेच माप उसाच्या फडात न्यावे. हंगामात बीडकडून कोल्हापूर जिल्ह्याच्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी ती बाई पहाटे भाकरी थापून फडात उतरते, दिवसभर वाकून ऊस तोडते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. पावले मोजणारे यंत्र तिच्या मनगटास बांधले, तर हालचालीलाच पुण्य मानणाऱ्या शास्त्राला तेथे पुण्याची रास दिसेल. वाग्भटाला मात्र दिसेल ते एवढेच, की अर्ध्या शक्तीची मर्यादा केव्हाच ओलांडली आणि भाकरीला तूप नाही. फावल्या वेळचा व्यायाम आणि पोटासाठीचे कष्ट देहाला सारखे मानवत नाहीत, असे आता काही संशोधकही म्हणू लागले आहेत.

गटांना माझा विरोध नाही. एवढा मोठा विषय एकहाती पेलणारा वस्ताद आज कोठून आणावा? हरकत आहे ती विषमतेला इतरांच्या रांगेत एक आसन देऊन मोकळे होण्याला. बांधावर निजवलेले त्या बाईचे मूल बालकांच्या गटाकडे जाईल आणि तिची उचल विषमतेच्या गटाकडे, मग दोन्ही अहवाल आपापल्या जागी बिनचूक ठरतील. त्यापेक्षा विषमतेच्या गटाने निराळी बैठक भरवूच नये. प्रत्येक गटाच्या बैठकीत आपला एक माणूस बसवावा, आणि चालण्या-धावण्याचा कोणताही उपदेश बाहेर पडण्यापूर्वी ताटाची चौकशी झाली की नाही, हे त्याने विचारावे.