कच्चा एक्स-रे खरा असतो का?

बाबांचा खोकला महिनाभर थांबेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला. आईने तो व्हॉट्सॲपवर पाठवला. मी सवयीने झूम केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला. उजव्या फुप्फुसात बारीक जाळी दिसू लागली. कॉन्ट्रास्ट कमी केला, जाळी गेली. बाबांच्या छातीत काहीच बदललं नव्हतं, फक्त माझा अंगठा सरकला होता.

मी सॉफ्टवेअरवाला. पहिला विचार आला: कुठलीही प्रक्रिया न केलेली, कच्ची प्रतिमा मागावी. ती तरी खरी असेल.

पण ती तशी नसते. डिजिटल डिटेक्टर सहसा १२ किंवा १४ बिटमध्ये मोजतो, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ छटा. आपला साधा स्क्रीन करड्या रंगाच्या २५६ छटा दाखवतो. कुठल्या छटा वेगळ्या ठेवायच्या, कुठल्या एकात मिसळायच्या, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. कच्ची प्रतिमा सपाट, फिकट असते. हृदयामागचा भाग त्यात नीट कळत नाही. म्हणजे हात न लावणं हाही निर्णयच, आणि तो पेशंटला महाग पडू शकतो.

हात लावण्यातही धोका आहे. कडा ठळक करणारा फिल्टर जास्त झाला, तर कडेलगत काळी रेघ उमटते. फुप्फुसाबाहेर हवा साठल्यासारखी ती भासू शकते. नॉइज काढणारा फिल्टर जास्त झाला, तर खरा बारीक ठिपकाही पुसला जातो. एक खोटं बोलतो, दुसरा खरं लपवतो.

फिल्मच्या काळी किरणं जास्त पडली तर फिल्म काळी पडायची. चूक समोर दिसायची. आता सॉफ्टवेअर उजेड सारखा करून देतं. प्रतिमा छान दिसते आणि पेशंटला गरजेपेक्षा जास्त डोस गेला हे नुसत्या प्रतिमेवरून कळतही नाही. मला खरी भीती याचीच वाटते: प्रक्रियेची नाही, तर माग न सोडणाऱ्या प्रक्रियेची. प्रामाणिकपणा म्हणजे हात न लावणं नव्हे. कुठे हात लावला ते सांगणं आणि मागे जायची वाट शिल्लक ठेवणं.

दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ‘जाळी दिसतेय’ असं म्हणालो नाही. म्हटलं, ‘व्हॉट्सॲपवरच्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर जाळी दिसली.’ त्यांनी सीडीवरची मूळ फाइल उघडली, उजेड कमी-जास्त करून पाहिला. जाळी नव्हती. खोकला ब्लडप्रेशरच्या गोळीचा निघाला.

माझं पहिलं वाक्य अर्धंच बोललो असतो, तर बाबा त्या रात्री झोपले नसते.