पाच शतांश सेकंद

एकेका गुणाने नंबर हुकणं म्हणजे काय, हे लातूर-नांदेडच्या क्लासमधल्या मुलांना कुणी शिकवायला नको. आज शतांश सेकंदाचा हिशेब पाहू. 1980च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये स्कॉटलंडचा ॲलन वेल्स आणि क्युबाचा सिल्व्हिओ लिओनार्ड, दोघांनीही शंभर मीटर 10.25 सेकंदांत पार केले. छायाचित्र पाहून सुवर्ण वेल्सला दिलं गेलं.

आपला अविनाश साबळे मात्र 2022मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पाच शतांश सेकंदांनी मागे राहिला. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. सुवर्ण केनियाच्या किबिवोटला मिळालं, अविनाशला रौप्य. पण 1994नंतर राष्ट्रकुलात या शर्यतीचं पदक केनियाबाहेर गेलं, ते प्रथमच! माझ्या लेखी ते रौप्य बऱ्याच सुवर्णांहून वजनदार आहे.

अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील शेतकरी. गाडीची सोय नाही, म्हणून पोरगं शाळेला चालत, पळत जायचं. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. स्पर्धेसाठी धावायला लागला तो त्यानंतर, विशीत. 2023मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं.

असा धावपटू तुमच्याही घरात असू शकतो. तेव्हा पालकहो, क्लासच्या वेळापत्रकात मैदानासाठी एक तास राखून ठेवा. आजपासूनच.