मोजक्या जागेचा धर्म

इथेरियम हे आभासी चलनाचे जाळे म्हणजे असंख्य संगणकांनी मिळून राखलेली सामाईक वही. तिच्या प्रत्येक पानावर मोजकेच व्यवहार मावतात. अधिक शुल्क देणाऱ्याची नोंद सहसा आधी होते. २०१७ च्या डिसेंबरात ‘क्रिप्टोकिटीज’ या खेळातील चित्रमांजरांच्या खरेदी-विक्रीने ती वही तुंबली. शुल्क चढले आणि मांजरांशी काडीचाही संबंध नसलेले लोक ताटकळले. खेळणाऱ्यांनी नियम मोडला नव्हता. मग दोष कोणाचा? आम्हांस वाटते, शुल्क भरल्याने जागेचा हक्क मिळतो. मागे खोळंबलेल्याचा विचार करण्याच्या कर्तव्यातून सुटका होत नाही. सार्वजनिक नळावर हंडा घेऊन उभे राहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको. जागा मोजकी असली की आपला निष्पाप खेळही शेजाऱ्याच्या वाट्याचे काही घेत असतो.