माळ्याने मागितलेले वर्ष



लूकच्या शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराचा दाखला (१३:६-९) दर तीन वर्षांनी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी वाचला जातो. नेमके त्याच दिवसांत श्रीरामपूर-राहुरीच्या आपल्या पट्ट्यात ऊसतोड चालू असते आणि रात्री जागोजागी पाचट पेटलेले दिसते.

मालक म्हणतो, तीन वर्षे फळ नाही, झाड तोडून टाक. माळी विनवतो की आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आपण उपदेशात बहुधा झाडाविषयी, म्हणजे पापी माणसाविषयी बोलतो. माळी मात्र झाडाला दोष देत नाही, तो मातीत हात घालतो.

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. पेटवले की रान लगेच मोकळे होते, हे खरे. पण त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जाते, वरच्या थरातील जिवाणू होरपळतात आणि हाती राख उरते. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, तर ती जमीन भुकेली समजावी. ती पाणी धरत नाही, आणि युरियाच्या गोणी वाढवूनही उतारा वाढत नाही.

खोडवा ठेवणाऱ्यांनी पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. तीन-चार महिन्यांत ते कुजू लागते. आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ लवकर संपतो, म्हणून हे एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावे लागते.

इथेच खरी अडचण आहे. आपल्यातील कित्येकजण दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने करतात. पुढच्या वर्षी रान दुसऱ्याकडे जाणार असेल, तर शेणखताची ट्रॉली कोण टाकील? आणि मालक दरवर्षी माणूस बदलतो, कारण सातबाऱ्यावर कुळ लागेल ही भीती. भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या भीतीपायी रान उपाशी राहते आणि शेवटी नुकसान मालकाचेच होते.

दाखल्यातील माळी असाच परक्या मळ्यात राबणारा आहे. झाड त्याचे नाही, तरी घाम त्याचा. ख्रिस्तसभेने या माळ्यात प्रभू येशूला पाहिले आहे. (पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालेनालाही प्रभू माळीच वाटला होता!)

म्हणून ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना माझी विनंती आहे. भरवशाचा माणूस असेल तर तीन वर्षे तरी बदलू नका. ते जमत नसेल तर शेणखताचा आणि पाचट कुजवण्याचा निम्मा खर्च तुम्ही उचला. खतावर तुमचाही हक्क राहणार आहे, मग खर्च एकट्या वाटेकऱ्याच्या माथी का?

वाटेकरी बांधवांनीही काडी लावण्याआधी मालकाकडे एकदा शब्द टाकावा. मालक कदाचित नाही म्हणेल. दाखल्यातील मालकाने माळ्याला काय उत्तर दिले, ते लूकने लिहिलेले नाही.